तळ्यातील माशांची गाभोळी का जिरते? प्रजननाच्या अडचणी आणि अंड्यांचा ऱ्हास यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात गोड्या पाण्याच्या तळ्यांत रोहू, कटला आणि मृगळ पाळणारे, तसेच खाजनांत (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या सखल खाऱ्या जमिनींत) चोणक, शेवटो आणि कालुंदर वाढवणारे मत्स्यपालक आपले बीज (तळ्यात सोडायची पिल्ले) आपणच तयार करावे असा विचार करू लागले आहेत. बीज परराज्यांतून आणताना वाटेत मरतूक होते आणि हवे त्या वेळी ते मिळेलच याची खात्री नसते, त्यामुळे हा विचार रास्त आहे. परंतु मे महिन्यात गाभोळीने (पोटातील अंड्यांनी) भरलेली दिसणारी मादी ऐन जुलैत रिकामी निघते, संप्रेरकाचे इंजेक्शन देऊनही अंडी सोडत नाही किंवा सोडलेली अंडी पांढरी पडतात, तेव्हा वर्षभराची मेहनत वाया जाते. या पानावरील उत्तरे अशा मत्स्यपालकांसाठी लिहिली आहेत.

अंड्यांचा ऱ्हास म्हणजे नेमके काय?

अंडाशयात वाढीला लागलेले बीजांड पूर्ण पिकण्याआधीच, किंवा पिकूनही बाहेर पडण्याची संधी न मिळाल्यामुळे, जागच्या जागी विरघळते आणि त्यात साठवलेली पोषकद्रव्ये मादीचे शरीर परत घेते, या क्रियेला अंड्यांचा ऱ्हास किंवा गाभोळी जिरणे म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर बीजांडाचे कवच जागोजागी तुटलेले दिसते, त्याला वेढणाऱ्या पेशी फुगून आत शिरलेल्या असतात आणि त्या बलक पचवत असतात. शेवटी त्या ठिकाणी पिवळट-तपकिरी रंगद्रव्याचा लहान डाग तेवढा उरतो.

थोड्या प्रमाणात ही क्रिया प्रत्येक निरोगी मादीत होते. जेवढी बीजांडे वाढीला लागतात तेवढी सगळी पोसण्याइतका साठा शरीरात नसला, तर काही बीजांडे मागे घेतली जातात आणि विणीनंतर आत उरलेली अंडीही अशीच जिरतात. निम्मे किंवा त्याहून अधिक अंडाशय जिरू लागते, तेव्हा मात्र ती मत्स्यपालकाच्या दृष्टीने समस्या ठरते.

हा रोग आहे का? एका मादीपासून दुसरीला होतो का?

नाही. हा संसर्ग नसल्यामुळे प्रतिजैविके देऊन तो थांबत नाही, आणि तशी औषधे तळ्यात टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो स्वीकारू नये. एकाच तळ्यातील बहुतेक माद्यांची गाभोळी एकाच सुमारास जिरते, म्हणून संसर्गाचा भास होतो. प्रत्यक्षात त्या सगळ्या एकच पाणी, एकच खाद्य आणि एकच उष्णता सोसत असतात. परजीवी अंडाशयात शिरून बीजांडे नासवतात अशी उदाहरणे माशांच्या काही जातींत आढळली आहेत, पण कार्पच्या (रोहू, कटला, मृगळ यांच्या गटातील माशांच्या) तळ्यात आधी खाद्य, पाणी, तापमान आणि हाताळणी या चार गोष्टी तपासाव्यात.

माशाच्या शरीरात अंडे तयार कसे होते आणि ते कुठे अडते?

हा प्रश्न नीट समजून घेतला तर पुढची निम्मी उत्तरे आपोआप मिळतात, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिले आहे.

दिवसाची लांबी, पाण्याचे तापमान, खाद्याची उपलब्धता यांसारख्या गोष्टींची नोंद माशाचा मेंदू घेतो आणि त्याखाली असलेल्या पीयूष ग्रंथीला संदेश देतो. पीयूष ग्रंथी दोन प्रमुख संप्रेरके सोडते. पहिले अंडाशयाला वाढीस लावते, तर दुसरे पिकलेले बीजांड सोडवते. वाढीच्या टप्प्यात अंडाशयातून स्त्री-संप्रेरक रक्तात जाते, ते यकृताला बलकाचे प्रथिन बनवण्यास सांगते आणि यकृतात तयार झालेले हे प्रथिन रक्तावाटे येऊन बीजांडांत साठते. थोडक्यात, गाभोळी अंडाशयात दिसत असली तरी तिचा माल यकृतातून येतो आणि यकृताला तो खाद्यातून किंवा अंगच्या साठ्यातून मिळतो. पूर्ण भरलेल्या रोहूच्या मादीत अंडाशय शरीराच्या वजनाच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास जाते आणि मादीच्या दर किलो वजनामागे साधारण २ ते ३ लाख अंडी असतात. एवढा साठा काही आठवड्यांत उभा राहत नाही. पावसाळा ओसरल्यावर हळूहळू सुरू झालेली ही भरणी उन्हाळ्यात वेग घेते.

बलक भरून झाला की बीजांड थांबते. त्याचे केंद्रक मध्यभागी असते आणि पुढचा संदेश येईपर्यंत ते तिथेच राहते. अनुकूल परिस्थितीत दुसऱ्या संप्रेरकाची लाट येते, केंद्रक कडेला सरकते, त्याचे आवरण विरघळते, आणि मग बीजांड आपल्या पिशवीतून सुटते. ही लाट आली नाही तर भरलेले बीजांड फार काळ टिकत नाही. कार्पसारख्या माशांत डोपामाइन हे मेंदूतील द्रव्य या दुसऱ्या संप्रेरकाला रोखून धरते. बंदिस्त पाण्यातील मादी बहुतेक वेळा याच उंबरठ्यावर अडते, आणि दिवस लोटले की तिचे शरीर साठा परत घेऊ लागते.

वाढीच्या टप्प्यातला बिघाड खाद्याचा व पाण्याचा असतो, तर शेवटच्या टप्प्यातला बिघाड संप्रेरकाचा व वेळेचा असतो. इंजेक्शनने दुसरा सुधारतो, पहिला सुधारत नाही.

रोहू, कटला आणि मृगळ तळ्यात भरतात, पण अंडी का घालत नाहीत?

या जाती मुळात वाहत्या नद्यांच्या आहेत. पहिल्या मोठ्या पावसाने नदी फुगते, काठची सखल जमीन बुडते, ताजे गढूळ पाणी वाहू लागते आणि मासे तिकडे धावतात. कोकणात आणि गोव्यात चढणीचे मासे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही ओढ निराळी सांगावी लागणार नाही. साचलेल्या तळ्यात हा प्रवाह, हा पूर आणि हे नवे पाणी नसते, त्यामुळे शेवटची संप्रेरक-लाट येत नाही.

यावर भारतात सापडलेला मार्ग जगभर वाखाणला गेला. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी दुसऱ्या माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्पचे प्रजनन घडवून आणले. हा दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पुढे ग्रंथीच्या अर्काची जागा तयार इंजेक्शनांनी घेतली. ओव्हाप्रिमसारख्या औषधात पीयूष ग्रंथीला चेतवणारे कृत्रिम संप्रेरक आणि डोपामाइनचा अडसर दूर करणारे डोम्पेरिडोन अशी दोन द्रव्ये एकत्र असतात.

इंजेक्शन दिले, तरीही मादीने अंडी सोडली नाहीत किंवा अर्धीच सोडली. असे का होते?

सर्वांत अधिक वेळा मादी तयारच नसते. बलक भरणे पूर्ण न झालेल्या बीजांडाला बाहेर ढकलण्याचा आदेश दिला तर ते एकतर प्रतिसाद देत नाही किंवा कच्चे सुटते. याच्या उलट, गाभोळी जिरायला लागल्यावर दिलेले इंजेक्शनही वाया जाते, कारण आदेश ऐकणाऱ्या पेशीच तोवर मोडलेल्या असतात. गोव्यात दुसरा प्रकार विशेष दिसण्याचे कारण आपल्या हवामानात आहे. मे महिन्यात उथळ तळ्यांचे पाणी दुपारी फार तापते, माद्या त्याच सुमारास पूर्ण भरलेल्या असतात, आणि पाऊस लांबला किंवा सोय वेळेवर झाली नाही तर उष्णतेत त्यांची गाभोळी झपाट्याने उतरते. कटला याबाबतीत सर्वांत नाजूक आहे. तिला पावसाळ्याच्या सुरुवातीलाच हाताळावे आणि रोहू व मृगळ यांना तिच्यानंतर घ्यावे, असे मी आग्रहाने सुचवीन.

मात्रेचा प्रश्न त्यानंतर येतो. ओव्हाप्रिमची मादीसाठीची प्रचलित मात्रा जातीनुसार दर किलो वजनामागे ०.२५ ते ०.५ मिलिलिटर असते. मृगळला कमी आणि कटल्याला अधिक लागते, तर नराला त्याहून कमी पुरते. मासा न तोलता अंदाजाने दिलेली मात्रा, उन्हात राहिलेली बाटली किंवा सुई काढताना बाहेर सांडलेले औषध यांमुळेही प्रयत्न फसतो. पाण्याचे तापमान २६ ते ३० अंश सेल्सियसच्या दरम्यान असेल तर इंजेक्शननंतर साधारण ८ ते १४ तासांत विण होते. त्या काळात हापा (मासे विणीसाठी ठेवलेली जाळीची पेटी) पुन्हा पुन्हा उचलून पाहणे, वर उजेड पाडणे किंवा आवाज करणे टाळावे.

अर्धवट विणलेल्या मादीला त्याच रात्री दुसरे इंजेक्शन देण्याचा मोह होतो. ती आधीच थकलेली असते आणि अशा माद्या नंतर दगावतात, म्हणून तिला स्वच्छ, ऑक्सिजनयुक्त पाण्यात विसावा देणेच योग्य आहे.

जास्त पिकलेली अंडी आणि जिरलेली अंडी एकच का?

दोन्ही वेगळी आहेत आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळे उपाय चुकतो. जिरलेले बीजांड अंडाशयातील आपल्या पिशवीतून कधी सुटलेलेच नसते. जास्त पिकलेले अंडे मात्र व्यवस्थित सुटलेले असते, पण ते मादीच्या पोटात पडून राहते आणि तिथे त्याची फलनक्षमता संपते. थंड पाण्यातील ट्राउटमध्ये सुटलेली अंडी कित्येक दिवस चांगली राहतात, तर आपल्या ३० अंशांच्या पाण्यात कार्पची अंडी एक-दोन तासांतच उतरणीला लागतात. हाताने पोट दाबून अंडी काढण्याची पद्धत वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, कारण पहाटे तीन वाजता तयार झालेली मादी सकाळी सहापर्यंत ठेवली तर अंडी भरपूर निघतील, पण पिल्ले फार थोडी मिळतील.

तळ्याच्या काठावर, प्रयोगशाळा नसताना, हे कसे ओळखावे?

पोटाचा आकार एकटा विश्वासार्ह नाही. चरबीने भरलेली मादीही गोल दिसते. पिकलेल्या मादीचे पोट दोन्ही बाजूंनी मऊ आणि लवचिक लागते, गुदद्वाराजवळचा भाग किंचित फुगलेला व लालसर असतो. जिरू लागलेल्या मादीचे पोट ढिले, पिशवीसारखे लागते किंवा काही वेळा उलट घट्ट आणि असमान लागते, आणि हलके दाबल्यावर पिवळसर, पाण्यासारखा द्रव येतो.

याहून खात्रीची रीत म्हणजे बारीक, मऊ नळीने जननछिद्रातून थोडी बीजांडे काढून पाहणे. ती काचेवर ठेवून साध्या भिंगाने पाहिली तरी पुष्कळ कळते. निरोगी बीजांडे एकसारख्या आकाराची, गोल आणि एकमेकांपासून सहज सुटणारी असतात. जिरणारी बीजांडे वेडीवाकडी, कडा तुटलेली, आतून ढगाळ आणि गुठळीने चिकटलेली असतात. मद्यार्क, फॉर्मालिन आणि ॲसेटिक आम्ल यांच्या ६:३:१ प्रमाणातील द्रावणात ती काही मिनिटे ठेवली की पारदर्शक होतात आणि केंद्रक दिसते. बहुतेक बीजांडांत ते कडेकडे सरकलेले असेल तर मादी इंजेक्शनला तयार आहे, मध्यभागी असेल तर थांबावे. ही तपासणी एखाद-दुसऱ्या मादीवरच, हात ओले करून आणि जलद करावी. दर आठवड्याला सगळ्या माद्या जाळ्यात ओढणे हे स्वतःच गाभोळी जिरण्याचे एक कारण आहे, कारण सततच्या ताणाने रक्तात वाढणारे कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक प्रजननाच्या संप्रेरकांना दाबते.

खाद्याचा संबंध किती आहे?

माझ्या मते सर्वांत अधिक, आणि दुर्लक्षही इथेच सर्वांत अधिक होते. विक्रीचा मासा आणि विणीचा मासा यांना एकच खाद्य पुरत नाही. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड सम प्रमाणात, ही जुनी जोडी वजन वाढवते, पण अंड्याला लागणारी दीर्घ साखळीची मेदाम्ले आणि जीवनसत्त्वे त्यांत अपुरी असतात. अंड्यातील गर्भाला उबेपर्यंत आणि त्यानंतरही दोन-तीन दिवस आईने दिलेल्या बलकावरच जगायचे असते, त्यामुळे मादीच्या ताटात जे नव्हते ते पिल्लातही नसते. प्रजनक माशांच्या खाद्यात २५ ते ३० टक्के प्रथिने, माशाचे तेल किंवा मासळीची कुटी, तसेच ई आणि क ही जीवनसत्त्वे असावीत. ई जीवनसत्त्व बलकातील मेद खवट होऊ देत नाही, आणि क जीवनसत्त्व बहुतेक माशांना स्वतः बनवता येत नाही. भुवनेश्वरजवळील कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने प्रजनक कार्पसाठी ‘सिफाब्रूड’ हे खाद्य याच हेतूने तयार केले आहे.

खोबऱ्याची किंवा शेंगदाण्याची पेंड गोव्याच्या दमट हवेत लवकर बुरशी धरते. बुरशीचे विष यकृतावर जाते, आणि बलक यकृतातच बनतो, हे वर सांगितलेच आहे. पावसाळ्याआधी उरलेली पेंड जपून ठेवून पुढे वापरण्यात बचत नाही.

अतिखाद्याचाही धोका आहे. प्रजनक माशांना वर्षभर पोटभर पिष्टमय खाद्य दिले तर आतड्याभोवती आणि अंडाशयाभोवती चरबीचे थर साचतात, आणि अशा माद्या इंजेक्शनला नीट प्रतिसाद देत नाहीत.

गोव्याच्या पाण्यात आणि मातीत असे काय आहे, ज्याची काळजी घ्यावी?

जांभ्या दगडाच्या पट्ट्यातील विहिरींचे आणि झऱ्यांचे पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते. कार्पचे अंडे पाण्यात पडल्यावर पाणी शोषून फुगते आणि साधारण ३.५ ते ५ मिलिमीटर व्यासाचे होते. या वेळी पाण्यात कॅल्शियम फारच कमी असेल तर कवच कमकुवत राहते आणि अंडी वेळेआधी फुटतात. माद्या उत्तम, फलन उत्तम आणि तरीही सकाळी हॅचरीत (अंडी उबवण्याच्या टाकीत) फक्त कवचे तरंगताना दिसली, तर आधी पाण्याचा कठीणपणा तपासावा. तळ्यात चुना देणे आणि हॅचरीचे पाणी शिंपल्यांच्या थरातून नेणे हे सोपे उपाय आहेत.

डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे या खाणपट्ट्यातील तालुक्यांत पाण्यातील लोहाकडे लक्ष द्यावे लागते. भूगर्भातून उपसताना पाणी स्वच्छ दिसते, पण हवा लागताच लोहाचा तांबूस गाळ सुटतो आणि तो अंड्यांच्या पृष्ठभागावर बसून त्यांचा श्वास कोंडतो. असे पाणी उंचावरून पाडून, एक दिवस टाकीत निवळवून, वाळूतून गाळून मगच हॅचरीत घ्यावे.

खाजनांचे गणित निराळे आहे. तिथल्या काही जमिनींत गंधकाची संयुगे असतात. उन्हाळ्यात तळे आटून माती तडकली की त्यांचे आम्ल बनते आणि पहिल्या पावसात पाण्याचा सामू अचानक उतरतो. त्यातच मानशीतून (बांधातील पाण्याच्या दारातून) भरतीचे पाणी येत-जात असल्यामुळे क्षारता उन्हाळ्यात समुद्राच्या जवळपास असते, तर जुलैत जवळजवळ शून्यावर येते. वाढीसाठी हा चढउतार सोसणारे मासे विणीसाठी तो सोसतीलच असे नाही.

ऑक्सिजनविषयी एकच सांगतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडताना दिसले तर गाभोळीवर परिणाम झालेला आहे असे समजावे. कार्पवरील प्रयोगांत दीर्घकाळ कमी ऑक्सिजनमध्ये ठेवलेल्या माशांची संप्रेरके घटली आणि अंड्यांची प्रतही खालावली, असे दिसून आले आहे.

खाजनात वाढवलेली चोणक अंडी का घालत नाही?

कारण तळ्यातील बहुतेक चोणक माद्या नसतातच. हा मासा आधी नर म्हणून पक्व होतो आणि पुढे काही वर्षांनी, साधारणपणे ६ ते ८ वर्षांच्या वयात, मादी बनतो. त्या वेळी त्याचे वजन ४ किलोच्या वर गेलेले असते. बाजारासाठी एक-दोन किलोची झाल्यावर काढलेली चोणक त्या वयापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे तिच्या पोटात गाभोळी नसणे यात बिघाड काहीच नाही. शिवाय विणीसाठी तिला समुद्राची, म्हणजे हजारात सुमारे २८ ते ३५ भाग इतकी क्षारता लागते. भारतात चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संस्थेने १९९७ साली चोणकीचे बंदिस्त प्रजनन यशस्वी केले. ज्या मादीतील बीजांडे सुमारे ०.४५ मिलिमीटरपर्यंत वाढलेली आहेत तिलाच तेथे संप्रेरक दिले जाते. मोठे प्रजनक, समुद्राचे शुद्ध पाणी आणि जिवंत सूक्ष्म खाद्य यांचा खर्च पाहता एकट्या शेतकऱ्याने चोणकीची हॅचरी उभारू नये, खात्रीचे बीज आणून वाढवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटो हा तर आपला राज्यमासा. त्याची गाभोळी खाजनात का उतरते?

शेवटो नदीमुखांत आणि खाजनांत चरतो, पण विणीसाठी समुद्रात जातो. बांधाच्या आत अडकलेल्या मादीत बलक भरतो, मात्र पुढचा टप्पा होत नाही, कारण तिचे समुद्राकडचे स्थलांतर घडत नाही आणि डोपामाइनचा अडसर या जातीत बराच घट्ट असतो. त्यामुळे तिची भरलेली गाभोळी बांधाच्या आतच जिरून जाते. बीजांडे ०.६ मिलिमीटरच्या आसपास पोचलेली असतील आणि मादी समुद्राच्या पाण्यात ठेवली असेल, तरच संप्रेरकाचा उपयोग होतो.

कालुंदराची जोडी अंडी घालते, पण दुसऱ्या दिवशी ती नाहीशी होतात. तीही जिरतात का?

नाही, ती बहुधा खाल्ली जातात. कालुंदर लाखांनी अंडी घालणारा मासा नाही. तो जोडीने राहतो, पाण्यातील दगड, लाकूड किंवा नारळाची सोडणे (बाहेरची साले) यांवर मोजकी अंडी चिकटवतो आणि दोघे मिळून पंखांनी वारा घालत ती राखतात. गर्दी झाली, पाणी वारंवार ढवळले किंवा चिकटवायला योग्य जागा मिळाली नाही, तर जोडी अंडी सोडून देते किंवा स्वतःच खाते. जागाच मिळाली नाही तर मात्र अंडी पोटातच राहतात आणि तिथे जिरतात. तळ्याच्या शांत कोपऱ्यात, हातभर पाण्यात, स्वच्छ घासलेल्या खापऱ्या, नारळाची सोडणे आणि दांडे ठेवावेत. गोव्यात घरच्या घरी बीज तयार करण्यासाठी याहून सोपा आणि बाजारात मान असलेला मासा मला दुसरा दिसत नाही.

तिलापियाचे काय?

तिलापियाचा त्रास उलटा आहे. तो लवकर आणि सारखा वितो, तळे पिल्लांनी भरते आणि कोणताच मासा वाढत नाही. म्हणून त्याचे फक्त नर बीज वापरले जाते.

शेतातील कीटकनाशके किंवा सांडपाणी यांमुळे अंडी नासतात का?

होय. काही कीटकनाशके यकृताचे काम बिघडवतात, तर काही द्रव्ये शरीरात संप्रेरकाची नक्कल करतात. इंग्लंडमध्ये सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या खालच्या बाजूला नद्यांतील नर माशांच्या वृषणांत बीजांडे आढळली आणि त्यांच्या रक्तात बलकाचे प्रथिनही सापडले, हे या विषयातील प्रसिद्ध उदाहरण आहे. आपल्याकडे भातशेती, काजूबागा आणि वस्त्या एकमेकींना लागून आहेत, त्यामुळे पहिल्या पावसाचे पाणी प्रजनक तळ्यात थेट येऊ देऊ नये. तळ्याच्या वरच्या बाजूने चर खणून ते वळवावे. चढणीच्या ओढीसाठी ताजे पाणी हवे असेल तर ते पहिले धुपण वाहून गेल्यानंतरचे घ्यावे.

त्याच त्या माद्या आणि त्यांचीच पिल्ले वापरत राहिल्यास काय होते?

काही पिढ्यांनंतर अंडी कमी होतात, फलन घटते, वाकडी पिल्ले वाढतात आणि वाढ मंदावते. विकून उरलेल्या लहान माशांतून प्रजनक निवडण्याची सवय याला आणखी हातभार लावते. प्रजनक नेहमी वेगवान वाढीच्या माशांतून निवडावेत, नर एका ठिकाणाहून तर माद्या दुसऱ्या ठिकाणाहून आणाव्यात आणि त्यांची नोंद ठेवावी. भुवनेश्वरच्या संस्थेत नॉर्वेच्या सहकार्याने वेगवेगळ्या नद्यांतील रोहू एकत्र करून निवडीने घडवलेली ‘जयंती’ रोहू ही या शिस्तीचे फळ आहे.

जिची गाभोळी एकदा जिरली ती मादी काढून टाकावी का?

तशी घाई करू नये. कारण दूर केले तर पुढील हंगामात तीच मादी पूर्ण भरते, कारण परत घेतलेली पोषकद्रव्ये तिच्या शरीरातच राहिलेली असतात. सलग दोन हंगाम चांगले खाद्य आणि चांगले पाणी मिळूनही ती भरली नाही, किंवा पोट कडक राहून एका बाजूला गाठ लागत असेल, तर मात्र तिला बाजूला करावे.

अशा माशाची गाभोळी खाण्यास चालते का?

मासा ताजा असेल, वास चांगला असेल आणि त्याला संप्रेरक किंवा औषध दिलेले नसेल, तर जिरत असलेल्या गाभोळीत विषारी असे काही नसते. ती तळल्यावर रवाळ होत नाही, पाणचट लागते एवढेच. इंजेक्शन दिलेले प्रजनक मासे मात्र त्या हंगामात बाजारात पाठवू नयेत.

वर्षभरात कोणत्या वेळी काय करावे?

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, दोन ते पाच किलोचे निरोगी प्रजनक निवडून वेगळ्या तळ्यात सोडावेत आणि हेक्टरी दीड-दोन हजार किलोंच्या वर गर्दी करू नये. जानेवारीपासून प्रजनकांचे खाद्य सुरू करावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये नर आणि मादी वेगळे करावेत. विणीच्या हंगामात नराच्या छातीच्या पंखाची आतली बाजू खरखरीत लागते, त्यामुळे त्या सुमारास ओळख पटते. एप्रिल-मे हे महिने गोव्यात सर्वांत जोखमीचे आहेत. तेव्हा पाण्याची खोली दीड मीटरच्या खाली जाऊ देऊ नये, शक्य असल्यास एका कडेला सावली करावी आणि दर आठवड्याला थोडे ताजे पाणी घालावे. बीजांडांची चाचणी एकदाच, मेच्या अखेरीस घ्यावी. १ जून ते ३१ जुलै हा समुद्रातील मासेमारी-बंदीचा काळ गोड्या पाण्यातील कार्पच्याही विणीचा काळ आहे आणि पहिल्या दमदार पावसानंतर हवा थंडावली की कामाला लागावे. चांगले पोसलेल्या माद्यांकडून त्याच हंगामात पुन्हा एकदा विण घेता येते, पण त्यासाठी मधले दीड-दोन महिने खाद्यात खंड पडता कामा नये.

तपासणीसाठी नमुना कुठे आणि कसा द्यावा?

जुने गोवे येथील एला गावात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्था आहे, आणि पणजीला राज्याचे मत्स्योद्योग संचालनालय आहे. दोन्ही ठिकाणी आधी विचारून मग नमुना न्यावा. मेलेला, बर्फात दोन दिवस ठेवलेला मासा अंडाशयाच्या तपासणीला निरुपयोगी ठरतो, कारण मृत्यूनंतर काही तासांतच पेशी आपोआप विरघळतात आणि तो ऱ्हास खऱ्या ऱ्हासासारखाच दिसतो. मादी ताजी असतानाच अंडाशयाचा नखाएवढा तुकडा पुढून, मधून आणि मागून असा तीन ठिकाणचा घ्यावा, तो दहापट आकारमानाच्या १० टक्के फॉर्मालिनमध्ये बुडवावा आणि डबीवर जात, वजन, तारीख, पाण्याचे तापमान व क्षारता लिहावी. सोबत तळ्याच्या पाण्याची एक भरलेली बाटली आणि दिल्या जात असलेल्या खाद्याची मूठभर पुडी द्यावी. फॉर्मालिन हाताळताना हातमोजे घालावेत आणि ते काम उघड्या हवेत करावे.